फेटा बांधायला माझंच नाव

ग्रामपंचायतीची निमंत्रणपत्रिका हातात आली तेव्हा मी आधी तिची मागची बाजू पाहिली. पुढची बाजू काय, कुणालाही दाखवायलाच छापलेली असते. मागे बारीक अक्षरात होतं, की सत्कारमूर्तींना फेटा माझ्या हस्ते बांधला जाईल. मला कुणी विचारलंही नव्हतं.

सत्कारमूर्ती म्हणजे माझा जुना जोडीदार. आमच्या कराडजवळच्या गावच्या कबड्डी संघाचा चढाईपटू. तसा गडी सातारा-सांगलीत पुन्हा झाला नाही, असं मी आजही म्हणतो. तीसेक वर्षांपूर्वी, सामना विकला म्हणून त्याच्यावर आजन्म बंदी आली. ती कागदावर अजून आहे. आता गाव मैदानाच्या कमानीला त्याचं नाव देणार होतं, आणि ज्याच्या साक्षीनं त्याचा खेळ संपला त्याच माणसाकडून त्याला फेटा बांधून घेणार होतं. तो साक्षीदार मी.

माझा स्वभाव संशयी आहे, ते मी लपवत नाही. बायको म्हणते, मला कुणी राम राम घातला तरी मी खिसा चाचपतो. पण या वेळी तिलाही वास आला. तरणा सरपंच, तोंडावर आलेली निवडणूक, आणि सत्कारमूर्तीची भावकी म्हणजे गावातली निम्मी मतं. एवढं गणित शाळेतल्या पोरालाही सुटेल. मला अडत होतं ते माझ्या नावाशी. मी फेटा बांधताना फोटो निघणार आणि तो गावभर मोबाइलवर फिरणार, की बघा, साक्षीदारच नमला. असंच काहीतरी असणार अशी माझी खात्री झाली.

सरपंचाला गाठलं. तो म्हणाला, नाव आम्ही सुचवलेलंच नाही. खुद्द सत्कारमूर्तींची अट आहे, फेटा यांनी बांधायचा, नाहीतर मी येत नाही. माझी झोपच उडाली. तीस वर्षं जो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, त्याला माझ्याच हातचा फेटा कशाला हवा? चारचौघांत, माझे हात गुंतलेले असताना, तो काय विचारणार होता?

तो सामना मला तोंडपाठ आहे. कराडला अंतिम फेरी, गुण समसमान, शेवटची चढाई त्याची. त्यानं गडी शिवला नाही, पण त्यालाही कुणी धरलं नाही, आणि तो मध्यरेषेला परत आला. बरोबरी झाली, जादा डाव होणार, म्हणून आम्ही उठलोसुद्धा. तेवढ्यात यानं हात वर केला. म्हणाला, कडेच्या रेषेवर माझी टाच पडली. पंचांनी पाहिलं नव्हतं, समोरच्या संघानं पाहिलं नव्हतं. एका गुणानं आम्ही हरलो.

आमच्या गावाची रीतच तशी होती. मातीत खेळायचो, फक्कीच्या रेषा दुसऱ्या डावापर्यंत पुसून जायच्या, पंच म्हणजे कुणाचा तरी चुलता. म्हणून रेषेवर पाय पडला की ज्याचा त्यानंच हात वर करायचा. जत्रेतल्या सामन्यात हे शोभायचं. कराडच्या अंतिम सामन्यात, हजारो माणसांपुढे, ते कुणाच्या गळी उतरेना. आपण होऊन कोण हरतं? चौकशी बसली, आणि मला बोलावणं आलं.

पत्रिका आल्यावर तिसऱ्या दिवशी मी एसटीनं सांगली गाठली. तो तिथं मार्केट यार्डात हळदीच्या काट्यावर वजन करतो. एका अडत्याला त्याचा पत्ता विचारला, तर तो आपण होऊन म्हणाला, की या माणसानं केलेलं वजन कुणी दुसऱ्यांदा करून बघत नाही. मला त्यातही काहीतरी काळंबेरं वाटलं.

तो केसांपासून चपलांपर्यंत पिवळा झाला होता. मला बघून दचकला नाही. चहा मागवला, पोत्यावर बसायला सांगितलं. मी सरळच विचारलं, माझं नाव का घातलंस?

"तू लांबच्या रस्त्यानं घरला जातूस म्हणं. मैदान लागू नये म्हणून," तो म्हणाला.

ते खरं होतं.

"तू सांगितलंस ते बराबर व्हतं गड्या. मी घेतलं व्हतं पाकीट. स्टँडाजवळच्या त्या रसवंतीत बसून. तू सांगितलंस तसंच. तवा आता मनात काय ठिवू नगंस."

त्या रसवंतीत तो कधी बसलाच नव्हता. ती माझ्या डोक्यातून निघाली होती. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी एसटीच्या खिडकीतून त्याला एका माणसाशी रस्त्यावर बोलताना पाहिलं. तो माणूस सामन्यांवर पैसे लावून घेतो, एवढं ऐकून होतो. गाडी पुढं गेली. पाहिलं ते एवढंच. चौकशीत मी ते सांगितलं, तर विचारलं, कुठं बोलत होते, काही दिलं-घेतलं का? हरल्याचा राग होता, संशय तर माझ्या रक्तातच. नुसतं रस्त्यावर उभे होते म्हटलं तर कोण ऐकणार, म्हणून मी रसवंती सांगितली आणि पाकीटही सांगितलं.

आणि हा माणूस माझंच खोटं मला खरं म्हणून परत देत होता, मला बरं वाटावं म्हणून. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. तरी मी चहा संपवला आणि उठलो. परतीच्या एसटीत, कदाचित त्यानं दुसरीकडे कुठंतरी खरंच पैसे घेतले असतील, असं मी स्वतःला पटवत होतो. इस्लामपूरपर्यंत ते पुरलं.

सत्काराच्या दिवशी हलगी वाजली, कमानीवरचा पडदा सरला, मी फेटा बांधला. दोनदा बांधावा लागला. मग माइक मागून घेतला आणि सांगितलं, की रसवंती खोटी, पाकीट खोटं, ते सगळं मी रचलं. याचा पाय रेषेवर पडला होता आणि यानं तो कबूल केला, बाकी काही नाही.

टाळ्या पडल्या. अध्यक्ष उठून म्हणाले, मित्राचं पाप स्वतःच्या शिरावर घ्यायला फार मोठं मन लागतं. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, आवं, सगळं ठरवून चाललंय, ह्यांच्या सुनंला सरपंचाच्या प्यानलात जागा पायजे असंल. बाजूच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही डोलावली असती.

मी त्याच्या बाकाकडे वळलो. तो फेट्याखालून माझ्याकडे रागानं बघत होता.

"कशाला बोललास रं? माजं तर कुणी खरं मानलंच न्हाई कवा. आता तुजंबी मानणार न्हाईत."

एवढं बोलून तो बाकावर सरकला, आणि त्यानं मला बसायला जागा केली.