विकत घेतलेली तलवार

"वकीलसाब, नागुअण्णावर नोटीस काढा," भालकीच्या माझ्या ऑफिसात शिरत मारुती म्हणाला.

मारुती मुडबीचा. भालकीत मोटार रिवाइंडिंगचे काम करतो. नागनाथ त्याचा थोरला चुलतभाऊ. पुण्याच्या कारखान्यात नोकरीला लागलेला.

"काय केलं त्यानं?"

"तलवार इकत घेतली."

मी शस्त्र कायद्याचे पुस्तक ओढले. मारुती हसला. "तसली न्हाई हो. गेममधली."

मग त्याने मला नीट समजावले. ऑनलाइन गेममध्ये गावोगावचे लोक आपापल्या नेट कॅफेत बसून एकाच रणांगणावर लढतात. खेळणे फुकट असते. नागनाथ पुण्याला गेल्यापासून दोघे भाऊ रविवारी तिथेच भेटत. फोनवर 'जेवलास का'च्या पुढे बोलणे सरकत नसे. तिथे ते दुपारभर चाले.

पुढे कंपनीने 'कॅश शॉप' उघडले. म्हणजे खेळातच थाटलेले दुकान. खरा पैसा द्यायचा आणि सरावाने मिळणारे बळ आयते घ्यायचे. दसऱ्याला गावी आलेल्या नागनाथने भालकीच्याच कॅफेत बसून तलवार घेतली आणि सर्वांसमोर मारुतीला एका घावात आडवे केले. तेव्हापासून मारुतीने कॅफेत जाणे सोडले होते. भावाचा फोनही तो घेत नव्हता.

"हरलास म्हणून रुसलास?"

"हरायचं काय न्हाई, साब. जत्रंत कुस्ती लावताना पंच जोड बघतेत का न्हाई? हितं पंचच एकाच्या हातात लोखंड देतोय, आन् दुसऱ्याला म्हणतोय, तूबी इकत घे!"

मला संताप आला. पण नागनाथचा नव्हे. मी कंपनीचा करारनामा छापून घेतला. खेळाडू 'मान्य' असे बटण दाबतो, पण त्याखाली काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. मी वाचले. कंपनी खेळातील काहीही, केव्हाही, कोणतेही कारण न देता बदलू शकेल, असे एक कलम त्यात होते. ज्या करारात एक पक्ष कशानेच बांधलेला नाही, त्याला मी करार मानत नाही. तसे मी कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने कळवले.

उत्तर ईमेलने आले. "प्रिय खेळाडू, अभिप्रायाबद्दल आभार. भेट म्हणून आपल्या खात्यात दहा रत्ने जमा केली जातील." रत्ने म्हणजे त्या दुकानात चालणारे नाणे. माझे तर खातेच नव्हते. माझे दुसरे पत्र पहिल्यापेक्षा लांब झाले. त्यालाही रत्नेच मिळाली.

राहिला ग्राहक मंच. तिथे अडचण निघाली. कायद्याच्या लेखी मोबदला देणारा तो ग्राहक. मारुती फुकट खेळणारा. म्हणजे तो ग्राहकच नव्हता.

"ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच दार न्हाई व्हय?"

"दार आहे. पण किल्ली नागनाथकडे आहे."

मारुतीने माझ्याच टेबलावरचा फोन उचलला.

"अण्णा, मी मारुती... न्हाई, राग न्हाई. म्हंजे, हाय थोडा... काय? तुलाबी? मग सांगितलं कामून न्हाईस?"

नागनाथने शरमेने सांगितले नव्हते. 'या हंगामातील सर्वांत बलाढ्य तलवार' अशी जाहिरात होती. हंगाम संपण्याआधीच कंपनीने तिच्याहून भारी तलवार विकायला काढली आणि कुणा परक्याने नागनाथलाही आडवे केले. आता दिशाभूल करणारी जाहिरात हा मुद्दा हाती आला. खरेदी भालकीत झाली असल्याने नागनाथच्या नावाने तक्रार बीदरच्या जिल्हा ग्राहक मंचात लावता आली.

मी दोन मागण्या केल्या. पहिली, तलवारीची किंमत परत करावी. दुसरी, विकत न घेणाऱ्यांसाठी विकतच्या शस्त्रांविना लढती ठेवाव्यात.

सुनावणीत मंचाच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, दुसरी मागणी कोणत्या कलमाखाली?"

मी उभा राहिलो. पुस्तकाची पाने चाळली; तसे कलमच नव्हते.

कंपनीच्या वकिलाने किंमत परत करायची तयारी लगेच दाखवली. अट एकच, नागनाथचे खाते बंद होईल. विचार करायला मी, मारुती आणि सुनावणीसाठी पुण्याहून आलेला नागनाथ व्हरांड्यात आलो.

"खातं गेलं तर इतक्या वर्षांचं सगळं जायलंय की रं," नागनाथ म्हणाला.

"मग नगं घेऊ पैसे. तलवार ठिव. मी तुझ्या मागं उभा राहतो."

"मागं? तू कामून मागं राहशील?"

नागनाथ आत गेला आणि त्याने तडजोडीवर सही केली.

त्याच दुपारी दोघांनी बस स्टँडजवळचा एक कॅफे गाठला. नागनाथने नवे खाते काढले. नव्या खेळाडूला लाकडी दांडके मिळते. खेळातल्या पहिल्याच लांडग्याने त्याला लोळवले, असे मारुतीने मला फोनवर सांगितले. मागून नागनाथचा आवाज येत होता, "हसायलास काय, ये की मदतीला!"

कायदा ग्राहकाला ओळखतो, खेळाडूला ओळखत नाही. ही उणीव मी सरकारच्या संबंधित विभागाला तीनदा लिहून कळवली आहे. पोच आलेली नाही. कंपनीचे ईमेल मात्र नियमित येतात. प्रिय खेळाडूला नव्या तलवारीवर सवलत असते.