अर्ध्यावर सोडलेला धडा

सन एकोणीसशे सेहेचाळीस. माझं वय तेव्हा अठ्ठावन्न, आणि माझ्या डाव्या पायाला काही कळेनासं झालं होतं.

हे मला कसं समजलं ते आधी सांगतो. आष्ट्याच्या बाजाराहून चालत गावी आलो आणि दारात पाहतो तर डाव्या पायात वहाण नाही. कुठं गळाली, केव्हा गळाली, पत्ता नाही. आत जाऊन बसलो. थोड्या वेळानं माझी सून सुलोचना सारवलेल्या जमिनीकडं बघत म्हणाली, "मामंजी, ह्ये रगात कुणाचं?" माझ्या तळव्यात बाभळीचा काटा शिरला होता आणि मला मुंगी चावल्याइतकंही कळलं नव्हतं. मी पाय मांडीखाली ओढून घेतला आणि म्हणालो, "तांबड्या कोंबडीचं असंल. लंगडती हाय सकाळपासनं." कोंबडी लंगडत नव्हती. पण जखमी कोंबडी ठेवून काय करायची म्हणून रविवारी मुलानं ती कापली, आणि ते कालवण मीही खाल्लं.

आमच्या भागात पाय बधिर झाला की माणसाच्या तोंडी एकाच रोगाचं नाव येतं. मी ते ओठावर येऊ दिलं नाही, पण मनात दुसरं काही नव्हतं. महारोग. मी पलटणीत हवालदार होतो. पहिल्या मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलो. गावात आम्ही ख्रिस्ती घरं सहाच, पण मला बघून लोक विडी लपवायचे. असा माणूस लेकाच्या घरातून हाकलला जाणार, गोठ्यात बसवून त्याला लांबून भाकरी टाकणार, हे चित्र मला दिवसाउजेडी डोळ्यांसमोर दिसायचं. म्हणून मी पेटीतून पलटणीतले बूट बाहेर काढले आणि घातले. घरात बूट, शेतात बूट, अंथरुणात बूट. आमच्या देवळात वहाणा बाहेर काढून आत जातात. मी आत जाणंच सोडलं. पायरीवर बसून खिडकीतून प्रार्थना ऐकायचो. पाद्रीसाहेबांना वाटलं, हवालदार नम्र झालाय.

त्या वेळी आमच्याकडं दर बुधवारी ताराबाई यायच्या. आष्ट्याच्या, विधवा, पांढरं लुगडं, हातात काळी छत्री आणि काखेत शास्त्र, म्हणजे बायबल. आमच्या सोप्यात बसून एक धडा वाचायच्या, समजावून सांगायच्या, आणि जाताना एक सवय लावून जायच्या. पाणी उकळून प्या. मिश्री सोडा. जेवायच्या आधी राखेनं हात धुवा. नखं कापा. निजताना खिडकी उघडी ठेवा. पुढच्या बुधवारी आल्यावर आधी सवयीचा हिशोब, मग धडा. मला हा प्रकार पटत नव्हता. मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, देवाला भेटायला नखं कशाला कापाय पायजेत?" त्या हसून म्हणाल्या, "हवालदार, साहेबाला भेटायला जाताना तुम्ही बूट पुसत होता का नाही?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला ते लागलं. मला लगेच लागायचं. शाळा मी दुसरीपर्यंतसुद्धा केली नाही, अक्षर पलटणीत शिकलो तेवढंच, आणि एक बाईमाणूस पुस्तक उघडून मला शिकवते हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

तशात तो बुधवार आला. ताराबाईंनी धडा काढला एका सेनापतीचा. शूर, मानाचा, राजाच्या उजव्या हाताला बसणारा. पण अंगावर महारोग. हे ऐकलं आणि माझे कान तापले. त्या पुढं सांगू लागल्या. घरातल्या मोलकरीण पोरीनं त्याला सांगितलं की परमुलखात देवाचा एक माणूस आहे, तो बरं करील. सेनापती रथ, घोडे, नजराणे घेऊन त्याच्या दारात गेला. देवाचा माणूस बाहेरसुद्धा आला नाही. आतूनच निरोप धाडला, जा, नदीत सात वेळा आंघोळ कर. सेनापती रागानं लाल झाला. एवढ्यासाठी आलो का मी? त्यानं रथ मागं फिरवला. एवढं सांगून ताराबाई दम घ्यायला थांबल्या आणि त्यांची नजर माझ्या बुटांवर गेली. मुद्दाम गेली की सहज, हे देवच जाणे. मी उभा राहिलो. म्हणालो, "बाई, शनवारी तुमी सांगलीला त्या महारोग्यांच्या वस्तीत जाऊन बसता, त्यांच्या हातचं पाणी पिता, आन् बुधवारी आमच्या पाटावर येऊन बसता. आमाला हात धुवायला शिकवता. आधी सोताचे धुवा."

 ताराबाई उठल्या. ज्या पाटावर बसल्या होत्या तो त्यांनी पदरानं पुसला आणि भिंतीला उभा करून ठेवला. त्यानंतरही त्या यायच्या, पण अंगणात शेवग्याखाली उभं राहूनच धडा सांगायच्या. मी आत दार लावून पडून असायचो. मार्गशीर्षात त्यांना ताप आला आणि आठ दिवसांत त्या गेल्या. त्यांना नेलं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बूट घालून उभा होतो. चूक झाली असं म्हणायला तोंड उघडलं नाही. आता उघडून ऐकणार कोण होतं?

पौषात पाय सुजला. बुटाला वास येऊ लागला. सुलोचना सोप्यात धुपाचं भांडं फिरवायची आणि काही विचारायची नाही. मुलगा म्हणाला, "आबा, जरा बूट काढून बसा की." मी त्याच्या अंगावर ओरडलो. दुसऱ्या दिवशी पलटणीतल्या जुन्या सोबत्याला भेटून येतो असं सांगून सर्व्हिस मोटारीनं सांगलीला गेलो. दवाखान्यात जायचं मनात होतं. फाटकापर्यंत गेलोही. पण आत बाकावर आमच्याच बाजूचे दोघं बसलेले दिसले आणि मी माघारी वळलो. चालत कृष्णेच्या काठाला आलो, वर्दळीच्या घाटापासून लांब, जिथं चार पडक्या पायऱ्या आहेत तिथं. दुपारची वेळ होती. मी पायऱ्या उतरू लागलो. मनात काय होतं ते मी लिहीत नाही.

"ओ हवालदार! बुटासकट पान्यात निघालाय व्हय?"

खालच्या पायरीवर घोंगडी पांघरून एक माणूस बसला होता. बोटं झडून आखूड झालेली, नाक बसलेलं. दोन्ही तळहातांत फुटक्या आरशाचा तुकडा धरून तो स्वतःच्या पायांचे तळवे बघत होता. मी हवालदार हे त्याला माझ्या चालीवरून कळलं असावं.

मी म्हणालो, "तू कोन रं मला इचारनार?"

"मी कोन ते दिसतंयच की. तुमी कोन ते इचारतोय."

काय झालं मला ठाऊक नाही. चार महिने जे कुणाला बोललो नव्हतो ते त्याला बोललो. "मी बी तुज्यातलाच हाय. पाय मेलाय माजा."

तो जागचा हलला नाही. म्हणाला, "काढा बूट." बूट निघेना. पायरीच्या कडेला टाच अडकवून हिसडा दिला, तेव्हा नाडी तुटून निघाला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. त्यानं लांबूनच मान वाकडी करून पाहिलं आणि एखाद्या वैद्यासारखं विचारू लागला. अंगावर चट्टा हाय? न्हाई. कानाच्या पाळ्या जाड झाल्यात? न्हाई. तहान लय लागती? व्हय. "मोरीत जिथं बसता तिथं मुंग्या येत्यात का?" मला आठवलं, वर्षभर सुलोचना मोरीत राख टाकत होती, मुंग्या येतात म्हणून.

तो खदाखदा हसला. "मग न्हाई बसत तुमी आमच्यात. वस्तीत घेनार न्हाईत तुमास्नी. ह्यो गोड लघवीचा रोग. डाक्टरच्या खोलीभाईर बसून बसून मला बी निम्मी डाक्टरकी आलीया."

मला आनंद झाला नाही. मला पहिली आठवण त्या पुसलेल्या पाटाची आली.

मी विचारलं, यावर इलाज काय. तो म्हणाला, आधी दवाखाना, आणि मग जन्मभर रोज पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या पुसायच्या, आरशात तळवे बघायचे. "आपल्या पायाला कळत न्हाई, म्हनून आपल्या डोळ्याला कळाय पायजे. आनि गूळ सोडायचा."

"एवढंच?" मी तापलो. "ह्ये तर बायका पोरास्नी सांगत्यात."

"ताराबाईचा सेनापती बी आसाच तापला हुता."

 मी पायरीवर बसलो. कोण ताराबाई, म्हणून विचारलं. "आष्ट्याची. शनवारी यायची. हा आरसा तिचाच. गेली बिचारी." मग मी हळूच विचारलं, "पुढं काय झालं त्या सेनापतीचं?"

"म्हंजी? तुमास्नी ठावं न्हाई?"

"मी अर्ध्यावर उटलो हुतो."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं, पण का उठलात असं विचारलं नाही. सांगू लागला. "चाकर म्हनलं, धनी, कायतरी अवघड सांगितलं आसतं तर क्येलं आसतं का न्हाई? मग ह्ये तर नुसतं धुवायचं हाय. मग उतरला की रथातनं. सात येळा बुडाला. ल्हान पोरागत कातडी झाली." एवढं बोलून त्यानं आपल्या हातांकडं पाहिलं. "आमची काय तशी झाली न्हाई. आमी बाईला इचारलं बी. बाई म्हनली, कातडीचं देवाकडं. रथातनं उतरनं आपल्याकडं."

त्यानं पाण्यानं भरलेलं टमरेल काठीनं माझ्याकडं सरकवलं. म्हणाला, मी हात लावत न्हाई, तुमचं तुमी धुवा. मी वाकून पाहिलं. माझी कंबर ताठ झाली होती, हात पायापर्यंत पोचेना. दोनदा वाकलो, दोनदा पाणी नुसतंच पायरीवर सांडलं. तेव्हा मी म्हणालो, "लाव हात."

"बगा हं."

"लाव म्हनतो न्हवं."

तो सरकत आला आणि त्यानं माझा पाय मांडीवर घेतला. ज्या हातांचं नाव काढून मी ताराबाईंना पाटावरून उठवलं होतं, तसाच एक हात माझ्या पायावरून फिरत होता. आणि मला तो लागत नव्हता. त्यालाही माझा पाय लागत नसणार. दोघांना फक्त दिसत होतं. मी त्या दिवशी रडलो. बायको गेली तेव्हाही रडलो नव्हतो.

दवाखान्याच्या फाटकापर्यंत तो माझ्या मागून, दहा पावलं अंतर ठेवून आला. तिथं कडुलिंबाखाली थांबून त्यानं काठी वर करून आत जा अशी खूण केली. मी त्याचं नाव विचारलं नाही. पुढं वस्तीत जाऊन चौकशी केली, पण त्या पायऱ्यांवर जाणारे तिघं होते आणि तोवर त्यातले दोघं वारले होते. उरलेला म्हणाला, मी नव्हे. आपल्याहून हलक्या वाटणाऱ्या माणसाचं नाव न विचारण्याची माझी खोड तेवढी त्या दिवशीही गेली नाही, याचं दुःख मला आजही आहे.

दवाखान्यात माझी दोन बोटं कापली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर घोट्यापासून पाय गेला असता. महिन्यानं घरी सोडताना त्यांनी सवयी सांगितल्या, आणि घाटावर ऐकल्या होत्या त्यापेक्षा एकही निराळी नव्हती. मी मुकाट्यानं मान हलवली. तिथल्या खाटेवर पडल्या पडल्या मी पुष्कळ विचार केला होता. देवानं मला रक्त मागितलं असतं तर मी बसऱ्याला दिलं असतं. उपास सांगितला असता, अनवाणी डोंगर चढायला सांगितलं असतं, तर मी मिशीला पीळ देऊन तेही केलं असतं आणि गावभर सांगितलं असतं. त्यानं मला रोज पाय धुवायला सांगितलं, आणि तेच मला जमत नव्हतं, कारण त्यासाठी पाय दाखवावा लागतो. तो माणूस त्या दुपारी तिथं का बसला होता, ताराबाईंचा आरसा त्याच्याच हाती का गेला, यावर मी वाद घालत नाही. अर्ध्यावर सोडलेला धडा माझ्यासाठी कुणीतरी जपून ठेवला होता, एवढं मला कळलं. ताराबाईंची क्षमा मात्र राहिली ती राहिलीच. ती मी रोज मागतो. तिकडून उत्तर येत नाही, तरी मागतो.

घरी संध्याकाळी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गल्लीत पाण्याला जाणाऱ्या बायकांची ये-जा चालू असताना, मी ओट्यावर येऊन बसलो. भिंतीला उभा असलेला तो पाट घेतला, घमेल्यात पाणी घेतलं, बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि हाक मारली, "सुलोचना, केस इंचरायचा आरसा घिऊन ये." ती आली. मी पाटाकडं बोट केलं आणि तिला त्यावर बसवलं. म्हणालो, "माजे तळवे बघ. मला दिसत न्हाईत. आनि त्ये रगात कोंबडीचं नव्हतं, पोरी."

तिनं माझा डावा पाय उचलून घमेल्यात ठेवला. "ठावं हाय, मामंजी," ती म्हणाली. "कोंबडी मीच साफ केली हुती." आणि बोटं गेली होती ती जागा चुकवून ती हळूहळू पाय धुवू लागली.