गुरुजींनी वेचलेला कापूस

साठ-पासष्ट सालच्या सुमारास आमच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींनी मला जेवढा वैताग दिला, तेवढा सासूनेही दिला नाही. शिंदखेड्याकडे आमचं शेत. कापूस फुटला की चौथीतल्या लेकीला मी शाळा बुडवून वेचणीला न्यायची. दुसऱ्याच दिवशी गुरुजी बांधावर हजर! प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची खोड. "अक्का, पोरगी हुशार आहे. हुशार आहे हो." हाकललं तरी संध्याकाळी दारात तेच.

एकदा मी चिडले. "मंग कापूस तुम्ही येचशात का, गुरुजी?"

रविवारी उजाडताच ते धोतर खोचून वावरात आले आणि दिवस मावळेपर्यंत वेचत राहिले. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटली. कापसात निम्मा पालाच होता, तो निवडता निवडता माझा जीव मेटाकुटीला आला. वर आणखी जाताना म्हणतात, "पुढच्या रविवारी येतो, अक्का. येतो बरं."

सोमवारी लेकीची वेणी घालून तिला शाळेत धाडली. शेजारणीला सांगितलं, त्या माणसाचा कापूस निवडण्यापेक्षा मी एकटीने वेचलेला बरा. त्यांची ती बोटं मला बघवली नव्हती, हे मात्र कोणालाच सांगितलं नाही.