सगळ्यांनी घेऊ म्हटलेली चटणी

गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या, जन्मात मासळीला न शिवलेल्या माणसाने सुक्या जवळ्याची चटणी विकत घ्यायचं कबूल केलं आहे, असं मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये लिहून दिलं. खाली सहीही केली.

बीएमएसचं, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीचं, दुसरं वर्ष होतं. बीएमएस म्हणजे काय हे आमच्या गावात कुणाला नीट ठाऊक नाही. बोर्ली पंचतनपासून आत, भातशेतीचं गाव. वडील लोकांना सांगत, "पोरगा धंदा शिकतो." पुढचा विचारी, "कसला धंदा?" वडील म्हणत, "ते अजून ठरलेलं न्हाय."

मार्केटिंगच्या मॅडम नोट्स देत नसत. आमचा त्यांच्यावर मुख्य राग तोच. वर्गात यायच्या, टेबलावर काहीतरी ठेवायच्या, साबणाची वडी, नाहीतर फरसाणाची पुडी, आणि विचारायच्या, "हे कोण घेतो? का घेतो? दुसरं का नाही घेत?" मग गप्प. आम्हीही गप्प. पंख्याचा आवाज तेवढा यायचा. मला शांतता सहन होत नाही, म्हणून दर तासाला पहिला मी बोलायचो, आणि दर तासाला मॅडम म्हणायच्या, "हे तुला वाटतं. लोकांना काय वाटतं?" मला हा फरक किरकोळ वाटायचा.

त्यांची गुण देण्याची पद्धत तर जगावेगळी. निम्मे गुण लेखी परीक्षेला, निम्मे प्रोजेक्टला. तिघांचा गट करायचा, एखादा माल निवडायचा, लोकांना विचारायचं, खर्च मांडायचा, आणि शेवटी तोंडी परीक्षा. तोंडीत कुणालाही कुणाच्याही भागावर प्रश्न. आणि गटात ज्याचं उत्तर सगळ्यात कच्चं, त्याचे गुण तिघांना.

"हा अन्याय आहे, मॅडम," मी म्हणालो.

"होडीला एकाच ठिकाणी भोक पडतं. बुडताना ती तेवढीच बाजू बुडते का?"

माझ्या शेजारी आमची गटप्रमुख बसली होती. दिघीच्या बाजूच्या कोळीवाड्यातली. वडिलांची होडी, आईचा सुक्या मासळीचा धंदा. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "भोक कुठं हाय ते आम्हाला माहीत हाय, मॅडम."

वर्ग हसला. मीही हसलो. कुणाबद्दल बोलतेय हे मला थोडं उशिरा कळलं.

तिसरा आमचा दुकानवाला, बोर्लीच्या बाजारात वडिलांचं किराणा दुकान असलेला. बिस्किटाचा पुडा हातात घेऊन त्यात दुकानदाराला किती सुटतात ते सांगायचा. माल ठरला: जवळ्याची तयार चटणी, लहान पाकिटात. जवळा गटप्रमुखाच्या घरचा. खर्चाचा हिशेब ती करणार, दुकानात काय चालतं ते दुकानवाला बघणार, आणि लोकांना विचारायचं काम मी मागून घेतलं. म्हटलं, मला बोलता येतं.

गटप्रमुखाने मला बाजूला घेतलं. न्हावा शेवा बंदरातल्या एका माल वाहतूक कंपनीत उन्हाळ्यात प्रशिक्षणाला मुलं घेणार होते. प्रोजेक्टला पहिला वर्ग असेल तरच अर्ज करता येणार होता. "माझ्या घरी ठरलंय," ती म्हणाली. "तिकडं लागले तर पुढं शिकायचं. न्हाय लागले तर सुट्टीपासून आईबरोबर मासळीच्या वाळवणीवर. कॉलेज बंद. तेव्हा नीट कर. आणि तुझ्या गावात विचारू नको, सगळे तुझे काका-मामा हायत."

"तू काळजीच करू नको," मी म्हणालो आणि सरळ माझ्या गावात गेलो. तिथे उन्हात उभं राहावं लागत नाही.

प्रत्येक घरी ओटीवर बसवलं. चहा आला, कुठे घावणे आले. काकी म्हणाली, "तुझी चटणी काय? घेऊ की. तू आणलीस तर न्हाय कसं म्हणायचं?" कागद पुढे केला तर म्हणे, "तूच कर खुणा, तुला हव्या तिथं." मी केल्या. वरच्या आळीचे माळकरी आजोबा पोथी बाजूला ठेवून म्हणाले, "घेऊ, घेऊ. पोरांनी काहीतरी केलं पाहिजे." त्यांच्या नावापुढेही मी होकाराची खूण केली आणि चहाचा दुसरा कप घेतला. घरी येऊन होकार-नकाराची गोल आकृती काढली, तर सगळा गोल एकाच रंगाचा. मला तो फार सुंदर दिसला.

तोंडी परीक्षा भर वर्गात होती. मॅडमनी तो गोल बराच वेळ पाहिला.

"एकही माणूस 'नाही' म्हणाला नाही?"

"नाही, मॅडम. शंभर टक्के."

"गावात माळकरी कुणी नाहीत?"

"आहेत की."

"ते काय म्हणाले?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, पण तोंड आधीच सुटलं होतं. "ते पण घेणार म्हणाले."

"जवळ्याची चटणी."

"हो."

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मॅडम हसल्या नाहीत. "तू सर्वेक्षण केलं नाहीस," त्या म्हणाल्या. "पाहुणचार घेतलास." आणि त्या भागाला शून्य दिलं. सगळ्यात कच्चं ते तिघांचं, म्हणजे शून्य तिघांना.

गटप्रमुख रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "मॅडम, परत करायला मिळेल?" एक आठवडा मिळाला. बाहेर आल्यावर मी माफी मागायला लागलो, तर ती म्हणाली, "ते राहू दे. उद्या दुपारी दिघीच्या जेटीवर ये. टोपी आण."

जेटी का, ते तिथे गेल्यावर कळलं. आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागते. बोट येईपर्यंत माणसाला जायला जागा नसते, आणि त्यातलं कुणी माझं काका-मामा नव्हतं. पहिला मोटारसायकलवाला म्हणाला, "विमा नकोय." दुसऱ्याने मी तोंड उघडायच्या आत हेल्मेट घातलं. तिसऱ्याला मी चटणी किती पौष्टिक, किती चविष्ट, आपल्या कोकणाची शान वगैरे सांगून विचारलं, "तुम्हाला आवडेल ना?" तो म्हणाला, "आवडेल ना." मी खूण करायला गेलो, तर मागून गटप्रमुखाने पेन काढून घेतलं.

"तू विचारत न्हायस. तू वदवून घेतोस."

तिने नियम घातला. चटणीचं गुणगान करायचं नाही. घ्याल का, हे तर विचारायचंच नाही. मागच्या वेळी अशी चटणी विकत कधी घेतली, कुठून, हे विचारायचं आणि तोंड मिटायचं. त्यातलं शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं. पण मी ठरवलं होतं की या मुलीचं शिक्षण माझ्या तोंडामुळे थांबणार नाही. त्या आठवड्यात एकही दुपार चुकवली नाही. नाक सोललं, घसा मात्र आयुष्यात पहिल्यांदा ठणठणीत राहिला.

आणि गप्प राहिलं की माणसं बोलतात. एक बाई म्हणाली, "चटणी विकत? माझे हात काय मोडलेत?" दुसरी म्हणाली, "आई पाठवते ना डब्यात." मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाने काच अर्धी खाली केली, आमच्या हातातलं नमुन्याचं पाकीट बघितलं आणि काच परत वर केली. "गाडीत वास बसतो हो," आतून आवाज आला.

आठवडा संपत आला तेव्हा चित्र स्पष्ट होतं. इथल्यांना चटणी घरीच मिळते, आणि बाहेरच्यांना वास नको. आमचा माल कुणालाच नको होता.

दुकानवाला कागद चाळून म्हणाला, "यार, तू अपनेच मालाची कबर खोदलीस. थोडे होकार टाक ना मध्ये. कोण बघायला येतंय?"

खरं सांगतो, मलाही मोह झाला. एवढं ऊन खाऊन मॅडमसमोर जायचं, आणि सांगायचं काय, तर हा धंदा करू नका? गटप्रमुखाकडे पाहिलं. ती म्हणाली, "जे हाय ते लिही." तिचं सगळं त्यावर अवलंबून होतं, आणि तरी ती तसं म्हणाली. एकही खूण बदलायची नाही असं मीही ठरवलं. मग बोटीची वाट बघत तिने मला खर्चाचा भाग शिकवला. किती पाकिटं विकली की घातलेले पैसे निघतात, ते गणित मला पाठ नव्हे तर समजेपर्यंत. मी चुकलो की ती परत पहिल्या ओळीवर बोट ठेवायची.

दुसऱ्या तोंडीला मॅडमनी मलाच उभं केलं. आधी खर्च विचारला. मी सांगितला. मग कागद उलटे करत म्हणाल्या, "चटणी करू नका असं लिहिलंय. मग तुमचा प्रोजेक्ट कशाचा?"

"पैसे घालायच्या आधी विचारण्याचा, मॅडम. आधी वास न येणारं पाकीट जमलं पाहिजे. नाही जमलं तर सुरू करायचंच नाही."

"एखादा माणूस सांग, जो तोंडाने 'हो' म्हणाला आणि तू 'नाही' लिहिलंस."

"एक ताई, मॅडम. चटणी छान वाटेल म्हणाल्या. शेवटची कधी घेतली विचारलं, तर कधीच नाही. मी 'नाही' लिहिलं." पुढे त्या ताईंची गाडी, त्यांचा मुलगा, त्याने जेटीवर केलेली उलटी असं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. बाकाखाली गटप्रमुखाने माझ्या पायावर पाय दिला. मी खाली बसलो.

पहिला वर्ग मिळाला. जेमतेम, पण मिळाला. तिचा अर्ज गेला, मुलाखत झाली, आणि उन्हाळ्यात ती न्हावा शेव्याला गेली. घरून वाळवणीचं नाव कुणी काढलं नाही. परत आली ती गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच ठेवून, आणि कंटेनर हा शब्द आमच्यापेक्षा वेगळ्या सुरात म्हणत.

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच तासाला मॅडमनी नवे गट करायला सांगितले. मी आपला सरळ तिच्या बाकावर जाऊन बसलो, दप्तर ठेवलं, आणि या खेपेला कुठला माल घ्यायचा यावर बोलायला सुरुवात केली. उन्हाळाभर विचार केला होता. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग माझं दप्तर उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"आमचा गट भरलाय. तू न्हायस त्यात. या खेपेला होडीला भोक नको."