ताईची चार गाणी

माझी थोरली बहीण किन्हीराजाला राहते. आसपास कुठेही लग्न असलं की हळदीच्या गाण्यांसाठी तिलाच बोलावणं येतं. गेल्या दिवाळीनंतर तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन अकोल्याला ठरलं. आवाज पहिल्यासारखा राहील, अशी खात्री मात्र डॉक्टरांनी दिली नाही.

हे ऐकून माझी मुलगी पुण्याहून माईक घेऊन वाशीमला आली. गाणी रेकॉर्ड करणं हेच तिचं काम. तिनं आमच्या घराच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला आणि ताईला गावाहून बोलावून समोर बसवलं.

"मावशी, तुझं एक सिंगल काढू."

"सिंगल म्हंजे?"

"एकच गाणं. मोबाईलवर सगळ्यांना ऐकता येतं."

"एकटंच? हयद लावाची आन् पोरीले मांडवातच बसवून ठेवाची का?"

"मग अल्बम करू. पण त्याला आठ-दहा गाणी लागतील."

"तेवढा घसा नाई चालनार माय आता."

मुलगी म्हणाली, "मधलंही असतं. चार-पाच गाण्यांचं. त्याला ईपी म्हणतात."

"तेच कर. चार गान्यात पोरगी सासरी जाते."

हळद, न्हाणं, ओटी, पाठवणी. शेवटच्या गाण्याला आवाज फाटला. पुन्हा घेऊ का, मुलीनं विचारलं.

"राहू दे. पाठवनीले फाटतेच."

ऑपरेशन नीट झालं. पण डॉक्टरांनी सांगितलेलं मौन संपलं तरी ताई बोलेना. सगळं खुणांनीच. आपल्या गळ्यातून आता काय निघेल, याची तिला धास्ती होती. मीही आग्रह केला नाही.

गाणी मोबाईलवर आली त्या दिवशी मी किन्हीराजाला गेले. ओसरीवर तिच्याजवळ बसून लावली, तर पहिली पाठवणीच वाजली. गाणी उलटसुलट वाजवायचं बटन माझ्याकडून दाबलं गेलं होतं. ताई जोरजोरात मान हलवू लागली. मला काही कळेना.

"काय वं, हयद लागली नाई आन् पोरगी सासरी धाडली का तुनं?"

आवाज जाड, घोगरा, दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा. आम्ही एकमेकींकडे पाहतच राहिलो. मग ती हसायला लागली आणि मला रडू आलं.

आता मांडवात पहिली ओळ तिची सून म्हणते. ताई मागून धरते, खालच्या सुरात.