महादेवीवहिनींनी वळलेली दोरी

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्या शिवराजला तर नाहीच. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे.

शिवराज माझा मित्र. निलंग्यात त्याचं बियाण्यांचं दुकान आहे. मी लातूरला वर्तमानपत्रात आहे. एका दिवाळीनंतर आम्ही दोघे कोकणात गेलो आणि समुद्रात घुसलेल्या एका डोंगरावर चढलो. सकाळी लख्ख ऊन होतं. दुपारी समुद्रावरून काळं भरून आलं. आपल्याकडचा माणूस ढगाला भितो का? आपल्याकडे ढग तोंड दाखवतात आणि निघून जातात. तरी शिवराज म्हणाला, "फिरू गड्या माघारी."

"भिजून इरघळतोस व्हय?" मी म्हणालो. टोकापर्यंत मलाच जायचं होतं.

मग वारा, मग आडवा पाऊस. उतरताना कातळ निसरडा झाला. शिवराज पुढे, मी मागे. माझा पाय सुटला — आणि मी हात टाकला. कुठे? त्याच्या मानेवर. हाताला त्याच्या गळ्यातली दोरी लागली. तिच्यावर मी सगळा भार दिला. क्षणभर तिने तो पेलला — मग तुटली. आम्ही दोघेही आपटलो. त्या दोरीत ओवलेली, लिंगायत गळ्यात घालतात ती इष्टलिंगाची चांदीची डबी खडकावर वाजली आणि लाटांत गेली.

तो उठला, छातीवर हात नेला. त्याला वाटलं, मी घसरून अंगावर पडलो, एवढंच. "दोरी कशी काय तुटली रे?"

तुकडा माझ्या मुठीत होता. मी मूठ उघडली नाही. "जुनी झाली असंल," म्हणालो.

लिंग अंगावर नसेल तर शिवराज अन्नपाण्याला शिवत नाही. निलंग्याला पोचून मठातल्या स्वामींकडून नवं लिंग घेईपर्यंत त्याने पाण्याचा घोटही घेतला नाही. मी वाटेत जेवलो. त्याच्या मानेवर दोरीचा लाल वळ होता — त्याला दिसत नव्हता, मला दिसत होता.

ती दोरी वळत कोण होतं? त्याची बायको, महादेवीवहिनी. भरल्या घरात तो तिला म्हणाला, "एक दोरी धड वळता येत न्हाई तुला?" सासू म्हणाली, "हिचं ध्यान कुठं ऱ्हातंय की." वहिनी म्हणाल्या, "चुकलं माझं." आणि मी? मी चहा पीत होतो. दिवसभर लोकांना खरं काय घडलं ते विचारणारा माणूस — त्या घरात मला कुणी विचारलं नाही, म्हणून गप्प राहिलो? नाही. विचारलं असतं तरी पुन्हा खोटंच बोललो असतो.

तेव्हापासून वहिनी सोमवारी जेवत नाहीत. शिवराज अजूनही पाहुण्यांना तो किस्सा सांगतो. हसत सांगतो. वहिनी आत निघून जातात.

परवा गेलो होतो. वहिनींनी नवी दोरी वळून माझ्यापुढे धरली. "भाऊजी, तुमीच ओढून बघा. माझ्या हाताचा मला भरवसा न्हाई."

मी जोर लावून ओढली. पक्की होती.

पहिलीही पक्कीच होती.