नानांची गोंगाटाची कॅसेट

आमच्या धाकट्या चुलत्यांइतका गर्दीचा भुकेला माणूस सबंध बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. लग्न कुणाचंही असो, नाना सगळ्यांच्या आधी मांडवात हजर. घ्यायचं काही नसलं तरी तलवाड्याचा बाजार त्यांनी कधी चुकवला नाही. आणि असा माणूस जन्मला कुठं, तर दसरा झाला की ऊसतोडीला निघून जाणाऱ्या गावात. मागं उरायची म्हातारी माणसं आणि दूध सोसायटीचे चिटणीस म्हणून आमचे नाना. दुष्काळात दूध घेऊन कुणी फिरकत नसे, तरी हे इस्त्रीचा सदरा घालून मापापुढं बसलेले.

अंबाजोगाईला कॉलेजात असताना खोलीतल्या मित्राची एक कॅसेट मी गावी आणली. परदेशातल्या कुठल्याशा हेवी मेटल बँडचा मैदानातला कार्यक्रम, लोकांच्या ओरडण्यासकट भरलेला. गिटार सुरू झाली तसे नानांनी कानांवर हात ठेवले. पण गाणं संपलं, हजारो माणसं गरजली, आणि हात खाली आले. "लई माणूस हाय रे," नाना म्हणाले. तेव्हापासून कॅसेट सोसायटीची झाली. गाणी पुढं ढकलून नाना आरोळ्या तेवढ्या ऐकायचे. मधेच गायक काही विचारायचा आणि लोक एकसुरात ओरडायचे. नानांच्या मते ती त्यांची वार्षिक सभा होती. "चेअरमननं ठराव मांडला बघ. मंजूर. एक माणूस विरोधात न्हाई. आन् आपल्याकडं चहावरून भांडनं."

त्या साली आमच्या सोसायटीची सभा दसऱ्याच्या तोंडावर झाली. पाऊस नव्हताच, त्यामुळं कधी नव्हे ती म्हाताऱ्यांसकट सगळी घरं निघायच्या तयारीत होती. वरून नवं भरता यावं म्हणून नानांनी त्याच कॅसेटच्या कडेच्या भोकात कागदाचा बोळा कोंबला आणि टेप टेबलावर ठेवून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. ठराव संपले. मग नाना उठले, त्या गायकासारखे दोन्ही हात वर करून त्यांनी विचारलं, "समदे माघारी येनार का न्हाई?" लोक आधी हसले. मग अख्खं गाव ओरडलं, "येनार!" सगळे गप्प झाल्यावर मागून माझी आई म्हणाली, "येतो की भावजी. तवर म्हशीकडं बघा."

आई त्या हंगामात तापानं उसाच्या फडावरच वारली. बरीच घरं तिकडंच कारखान्याच्या आसऱ्याला राहिली, सोसायटीला कुलूप लागलं. नानांनी म्हैस मात्र विकली नाही. गावानं वेड्यात काढलं, तरी चारा छावणीत तिच्याशेजारी झोपून त्यांनी तिला जगवलं.

अजून मी गावी गेलो की नाना ती कॅसेट लावतात. मलाही तेवढ्यासाठीच जावंसं वाटतं. बँडचा धिंगाणा होतो, परक्या माणसांची आरोळी उठते आणि मधेच तुटून आमचं गाव सुरू होतं. "येनार" झालं की नाना बोट वर करतात. आम्ही दोघं टेपजवळ सरकतो. आई बोलते. म्हैस जाऊनही आता खूप वर्षं झाली, पण नाना टेपकडं बघून दर वेळी हळूच सांगतात, "बघितलं, वैनी. म्हशीकडं बघितलं."